बोअरचं पाणी आणि जुनं डिशवॉशर

जुनं डिशवॉशर नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी यंत्राचं वय विचारत नाही. त्याला कोणतं पाणी देता, ते विचारते. नळाचं, बोअरचं, की उन्हाळ्यात टँकरचं? आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं.

आपल्याकडची बरीच डिशवॉशर मुळातच जुनी होऊन येतात. पुण्या-मुंबईकडे राहणारी मुलं नवं यंत्र घेतात आणि जुनं टेम्पोत घालून आईवडिलांकडे पाठवतात. काही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेली आहेत, तीही आता जुन्यातच जमा. आमचं पहिल्या प्रकारचं. बारा जणांच्या भांड्यांचं, आकडे दाखवणारा पडदा नसलेलं, नुसते दिवे लुकलुकणारं. मी नोकरीभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे झाकण उघडल्यावर मला आत एक हीटर, दोन पंप, एक गाळणी आणि पाणी मऊ करणारी एक नळकांडी दिसली. यात न समजण्यासारखं काही नाही.

पाणी आधी

पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात किती क्षार आहेत, हे अंदाजाने ठरवू नका. घरातली ढोबळ चाचणी अशी: पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी मऊ. फेस नाही आणि दह्याच्या चोथ्यासारखं काही तरंगायला लागलं, तर जड. पण यंत्राला आकडा लागतो. तो हवा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली द्या, किंवा बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणा. रसायनशास्त्र शिकणारी नात-पुतणी घरात असेल तर तिला सांगा, ब्युरेट (मापाची काचनळी) आणि ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन) वापरून ती दहा मिनिटांत काढून देईल.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा (म्हणजे हाच जडपणा) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे. डिशवॉशरची पुस्तिका मात्र बहुधा जर्मन अंशांत बोलते. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, तेव्हा आपल्या आकड्याला अठराने भागा, झालं. ३६० आला तर वीस अंश. ६०० आला तर तेहतीस-चौतीस. बऱ्याच युरोपीय बनावटीच्या यंत्रांत सॉफ्टनरची, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या त्या नळकांडीची, मांडणी (सेटिंग) साधारण पन्नास अंशांपर्यंत, म्हणजे जवळपास ८९० मिलिग्रॅमपर्यंत जाते. तेव्हा आपलं पाणी यंत्राच्या ताकदीबाहेरचं आहे असं समजून हात टेकू नका. फक्त ती मांडणी कुणीतरी करायला हवी. पुण्याच्या नळाच्या मऊ पाण्यावर लावलेलं यंत्र तसंच्या तसं जळगावच्या बोअरवर जोडलं, तर त्यातला सॉफ्टनर जवळजवळ झोपलेलाच असतो.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत सापडणार नाही. आपलं पाणी वर्षभर एकच नसतं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नळाचं धरणाचं पाणी पुरतं. मार्च उजाडला, नळाचे दिवस लांबले, की टाकीत बोअर मिसळायला लागतो. मेमध्ये तर सगळं बोअरच. म्हणून मी होळीच्या सुमारास सॉफ्टनरची मांडणी वर नेते आणि पाऊस स्थिरावला की खाली आणते. गरज नसताना वर ठेवली तर मीठ आणि पाणी वाया जातं, आणि फार मऊ पाण्याने काचेचे ग्लास कायमचे धुरकट होतात.

सॉफ्टनरच्या आत राळेचे बारीक मणी असतात. त्यांच्यावर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांवर अडकतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरले की यंत्र त्यांच्यावरून मिठाचं दाट पाणी फिरवतं, अडकलेलं सगळं गटारात जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ भांडी धुवायला लागत नाही, या मण्यांना धुवायला लागतं. मीठ संपलं तरी यंत्र आनंदाने चालत राहतं, भांडीही काही दिवस बरी निघतात, आणि दरम्यान हीटरवर थर चढत असतो.

मीठ डिशवॉशरचंच घ्या. जेवणातलं बारीक मीठ टाकीत गच्च बसतं आणि त्यात आयोडीन नि मोकळं राहण्यासाठीचे पदार्थ असतात. खडे मीठ चालेल का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. त्यात माती असते आणि मॅग्नेशियमही असतं, म्हणजे जे काढून टाकायचं तेच आपण पिशवीने आत ओतणार. टाकीत एक-दीड किलो मावतं. नवीन यंत्रात पहिल्यांदा टाकी पाण्याने भरून मग मीठ घालतात, नंतर कधीही पाणी घालायचं नाही. भरताना सांडलेलं मीठ तसंच ठेवू नका. लगेच एक धुणं लावा, नाहीतर स्टीलच्या तळाला बारीक गंजाचे ठिपके पडतात.

मिठाचं झाकण आटे धरून घट्ट बसलंय ना, तेही बघा. ग्लासांवर पांढरट थर आहे, ओल्या बोटाने पुसला जातोय आणि जिभेला खारट लागतोय, तर दोष झाकणाच्या रबराचा. रबर स्वस्त मिळतं.

जाहिरातीत ‘सगळं एकात’ म्हणणाऱ्या टॅब्लेट असतात. त्यांच्यातली पाणी मऊ करणारी ताकद साधारण एकवीस जर्मन अंशांपर्यंतच पुरते. बोअरवर त्यांच्या भरवशावर मीठ बंद करू नका. मी साधी पावडरच वापरते. पावसाळ्यात ती ओल धरून गठ्ठा होते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. शिवाय पावडर कमी-जास्त करता येते: नुसत्या चहाच्या कपबशा असतील तर अर्धी, शेवभाजीची भांडी असतील तर कप्पा भरून.

थर काढणे

माझ्या भावाची रावेरकडे केळी आहे. ठिबकच्या नळ्यांची छिद्रं क्षारांनी बुजतात तेव्हा तो अ‍ॅसिड सोडून त्या मोकळ्या करतो. डिशवॉशरच्या फवारणीच्या पंख्यांचं दुखणं तेच आणि औषधही त्याच जातीचं, पण शेतातलं अ‍ॅसिड इथे अजिबात नको. मिठाच्या अ‍ॅसिडातलं, म्हणजे हायड्रोक्लोरिकमधलं, क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड म्हणजे तेच. इथे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात मिळतं.

यंत्र रिकामं ठेवा, तळातली गाळणीची जाळी साफ करून परत बसवा, शंभर ते दीडशे ग्रॅम लिंबूफूल तळात टाका आणि पन्नास-पंचावन्न अंशांचा कार्यक्रम लावा. पावडर घालायची नाही. सगळ्यात गरम कार्यक्रम लावण्याचा मोह होतो, तो टाळा. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणजे सुटलेला थर दुसऱ्या रूपात पुन्हा बसायची शक्यता असते. मध्येच यंत्र थांबवून अर्धा तास भिजू दिलं तर आणखी चांगलं. बोअरवर चालणाऱ्या यंत्राला दोन-तीन महिन्यांनी एकदा हे करावं. ब्लीच किंवा त्यासारखं काही त्याच वेळी आत जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर कधीमधी ठीक, पण सतत वापरलं तर रबराला बाधतं, आणि लिंबूफुलापेक्षा महाग पडतं ते वेगळंच.

काचेवरचा पांढुरका थर क्षाराचा आहे की काच झिजली आहे, हे कळायला ग्लासावर लिंबाचा थेंब ठेवा. थोड्या वेळाने पुसल्यावर ती जागा लख्ख झाली तर क्षार. तशीच राहिली तर काच गेली, तिचं काही होत नाही.

आपली भांडी, आपलं खरकटं

हे यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सपाट ताटं आणि काटे-चमचे होते. कळण्याच्या भाकरीची परात नव्हती. ज्वारी-उडदाचं पीठ पाण्यात भिजलं की खळ होते आणि ती खळ बारीक जाळीवर बसली की पाणी खाली उतरतच नाही. परात आधी हाताने खरवडून, विसळून घ्या, मगच आत. शेवभाजीच्या वाटीत उरलेली शेव बेसनाचा गाळ होते, ती काढून टाका. काळ्या मसाल्याचं तेल मात्र राहू द्या. ताटं नळाखाली चकचकीत धुऊन आत ठेवणारे लोक मी पाहिलेत. मग यंत्र कशाला हवं? पावडरीतल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, खायला स्टार्च आणि प्रथिनं लागतात. मोठं खरकटं काढा, बाकी त्यांच्यावर सोडा. ती विकरं पंचेचाळीस ते पंचावन्न अंशांत जोरात काम करतात, म्हणून वरण-भाताच्या भांड्यांना पन्नास अंशांचा लांब कार्यक्रम पुरतो. तेलकट पातेल्यांना सत्तर अंशांचा.

काय घालायचं नाही: अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, मग तो कुकर असो नाहीतर पातेलं. तांब्या-पितळेचं तेज जातं आणि कल्हईचीही वाट लागते. बिडाचा तवा गंजतो. पोळपाट-लाटणं तडकतं. मांड्यांचं खापर तर चुकूनही नाही, मातीच्या भांड्यात पावडर मुरते. मिक्सरच्या भांड्याचं पातं जिथे फिरतं ते बेअरिंग यंत्रात खराब होतं. स्टीलचा कुकर चालतो, पण शिट्टी आणि रबर काढून, झाकणाच्या भोकातून आरपार उजेड दिसतोय हे पाहून. एवढं वगळल्यावर काय उरतं, असं माझ्या जाऊबाईंनी विचारलं होतं. ताटं, वाट्या, पेले, तांबे, डबे, डाव, झारे, स्टीलची पातेली. म्हणजे ढीग तोच, वर कढई नि तवा तेवढा हाताने.

वाट्या एकात एक रचायच्या नाहीत. पालथ्या आणि थोड्या तिरप्या, म्हणजे बुडाच्या खाचेत पाणी साचत नाही. उंच डाव आडवे ठेवा. सगळं भरून झाल्यावर वरचा आणि खालचा पंखा बोटाने एक फेरी फिरवून बघा. एखादा झारा आडवा येत असेल तर पंखा तिथेच अडतो, आणि मग अर्धी भांडी धुतलेली, अर्धी जशीच्या तशी.

हळदीने आतलं प्लास्टिक आणि जाळ्या पिवळ्या होतात. घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि ऊन ही आपल्याकडे विकत आणायची वस्तू नाही. सुटणारे भाग काढून दुपारभर गच्चीवर ठेवा.

जाळी, मोहरी आणि पंखे

तळातली जाळी आठवड्याला काढा. बहुतेक यंत्रांत ती दोन-तीन भागांची असते: मधलं उंच नळकांडं आणि खालची सपाट बारीक जाळी. जुना टूथब्रश, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग भरपूर विसळणं. परत बसवताना नळकांडं फिरवून खूण जुळेपर्यंत घट्ट करा. या शेवटच्या पायरीवर सगळं अवलंबून आहे.

ते कसं कळतं सांगते. पंखा काढून कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजली तर मोहरी. मोहरीचा दाणा पंख्याच्या छिद्रात नेमका बसतो, जिरं आणि मिरचीचं बी तसंच. पण जाळी जागेवर असेल तर मोहरी पंख्यापर्यंत पोचायलाच नको. तेव्हा पंख्यात मोहरी सापडली की पंखा साफ करून थांबू नका, जाळी बघा. एकतर ती अर्धवट बसली आहे किंवा कडेला फाटली आहे. फाटलेली जाळी मॉडेल नंबर देऊन ऑनलाइन मिळते. तो नंबर दाराच्या कडेवरच्या पट्टीवर असतो. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ती छपाई वाफेने पुसट होत जाते.

पंख्याची छिद्रं टूथपिकने मोकळी करा. सुईने किंवा खिळ्याने भोक मोठं केलं तर फवाऱ्याचा जोर कायमचा जातो. क्षार जास्त असेल तर पंखे लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा.

दाराची खालची कड उघडून बघा. तिथे फवारा पोचत नाही, त्यामुळे तेलाचा काळा चिकट थर साठतो. वास येतोय म्हणून लोक सुगंधी गोळ्या लटकवतात आणि ही कड कुणी पुसत नाही. दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसा. कडक झालं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, आमच्याकडे प्रयोगशाळेत काचेच्या तोट्यांना लावायचे तेच. व्हॅसलीन नको, त्या रबराला पेट्रोलियम सोसत नाही, ते फुगतं.

टाकी, नळी आणि मोरी

यंत्राला पाण्याचा दाब लागतो. बहुतेकांना कमीत कमी ०.३ ते ०.५ बार. गच्चीवरच्या टाकीचा हिशोब सोपा: पाण्याची पातळी नळापेक्षा जितके मीटर वर, त्याला दहाने भागा. टाकी तीन मीटर वर असेल तर ०.३ बार. म्हणजे तळमजल्याचं घर आणि थेट स्लॅबवर टेकवलेली टाकी असेल तर यंत्र कसंबसं भरतं, आणि टाकी अर्धी झाली की कुरकुरतं. टाकीखाली मीटर-दीड मीटरचा ओटा बांधणं किंवा टाकीनंतर छोटा प्रेशर पंप बसवणं हे दोनच उपाय. पंप टाकीनंतर बसवायचा, पालिकेच्या नळाला नाही. (ते करणारे गल्लीत आहेत, सगळ्यांना माहीत आहेत.)

पूर्वी पाणी नीट भरायचं आणि आता वेळ लागतो, तर दाब तोच आहे, वाट बुजली आहे. यंत्राचा प्लग काढा, नळ बंद करा, पाण्याची नळी नळाकडच्या (काही यंत्रांत यंत्राकडच्या) टोकाला उघडा. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी दिसेल. पकडीने अलगद ओढून काढा, टूथब्रशने धुवा. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येतं आणि टाकी धुतल्यावरही तळचा गाळ हलतो, तेव्हा ही जाळी हमखास भरते. नळी उघडलीच आहे तर खाली बादली धरून नळ सोडा. मिनिटाला साधारण दहा लिटर यायला हवं. नळालाच एक गाळाचा फिल्टर लावून टाकला तर ही कटकट बरीच कमी होते.

पाणी बाहेर टाकणारी नळी नुसती मोरीत सोडून देऊ नका. तिला जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर उचलून, वळसा देऊन मग खाली आणा, आणि टोक पाण्यात बुडलेलं नको. नाहीतर सायफन होऊन आत भरलेलं पाणी आपोआप मोरीत वाहत राहतं. यंत्र पाणी घेतंय, घेतंय आणि कधी भरतच नाही, असं झालं तर आधी हे बघा. फार उंचही नको, मीटरभराच्या वर छोट्या पंपाचा जोर पुरत नाही. आणि मोरीच्या बाजूने उंदीर येतात. ते ही नळी कुरतडतात. मोरीच्या तोंडाला जाळी लावा.

वीज

हीटर दोन-अडीच हजार वॉटपर्यंतचा असतो. म्हणजे १६ अँपिअरचा पॉवर प्लग, खरी अर्थिंग, आणि एक्स्टेंशन बोर्ड नाही. इन्व्हर्टरवरही नाही. धुणं चालू असताना वीज गेली तर दार उघडू नका, पावडर पुन्हा घालू नका. बरीचशी यंत्रं वीज आली की जिथे थांबली तिथून पुढे जातात. अर्धवट सोडायचंच असेल तर सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आतलं पाणी निघून जातं.

हीटर चालतो का, हे मेकॅनिक न बोलावता कळतं. घरातला कूलर, फ्रिज, बाकी सगळं बंद करा, गरम कार्यक्रम लावा आणि बाहेर महावितरणच्या मीटरकडे बघा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर युनिटमागे ३२०० लुकलुक असं लिहिलं असेल, तर दोन हजार वॉटचा हीटर लागल्यावर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लागतो. नुसता पंप चालू असेल तर खूपच सावकाश. मेच्या दुपारी मात्र ही परीक्षा घेऊ नका. काळ्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं, की हीटरला फार काम उरत नाही.

यंत्र काय बोलतं

आमच्या कामवाल्या मावशी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ताई, हाई मशीन आज कोकली ऱ्हायनी.” म्हणजे ओरडतंय. कान त्यांचेच बरोबर होते. जुन्या यंत्राचा नेहमीचा आवाज ओळखीचा करून घ्या, बदललेला आवाज म्हणजे अर्धं निदान.

पाणी बाहेर टाकताना खडखड झाली तर त्या पंपात काहीतरी आहे: काचेचा तुकडा, लवंग, लिंबाची बी. प्लग काढा, जाळी काढा, तळातलं पाणी वाटीने आणि स्पंजाने उपसा, मग आतलं छोटं झाकण चमच्याच्या मागच्या टोकाने उचला. बोट घालण्याआधी टॉर्च लावा, काच असते. पंपातली पंख्यासारखी चकती फिरवल्यावर ती गुळगुळीत फिरत नाही, थांबत-थांबत झटके देत फिरते. ती बिघडलेली नाही, आत चुंबक असतो म्हणून तसं वाटतं. झाकण परत ‘टक्’ असं वाजेपर्यंत दाबा. पडदा असलेल्या बॉश-सीमेन्स यंत्रांत याला ई२५ दिसतं, पाणी बाहेर जात नसेल तर ई२४, आणि तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलं असेल तर ई१५.

तळात पाणी साचलं की आतला तरंगणारा खटका वर उचलला जातो आणि पाणी उपसणारा पंप थांबतच नाही. हे बहुतेक वेळा गळतीने होतं, पण आपल्याकडे दुसरंही कारण असतं: पाहुण्यांपैकी कुणीतरी मदत म्हणून पावडरीच्या कप्प्यात भांड्यांचा पातळ साबण ओतलेला असतो. फेस दारातून ओट्यावर येतो. अशा वेळी फेस वाटीने काढा, पाणी सोडून द्या, थंड पाण्याची दोन-तीन धुणी रिकामी लावा. तळातलं पाणी प्लग काढून, खालची पट्टी उघडून स्पंजाने टिपा. नंतर कोरड्या ट्रेमध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून एक धुणं चालवलं, की गळती असेल तर ती कोणत्या कोपऱ्यात आहे हे कागदच दाखवतो.

नुसती घूंऽऽ करून मोटार फिरत नसेल तर जुन्या यंत्राचा एक फायदा सांगते. त्यातल्या धुण्याच्या पंपाला बरेचदा साधा कपॅसिटर असतो, आणि तो कमजोर झाला की हेच होतं. विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी बांधून देणारी दुकानं आपल्याकडे तालुक्यागणिक आहेत, तिथे तो मिळतो. मायक्रोफॅरडचा आकडा अगदी तोच हवा, व्होल्ट तितकेच किंवा जास्त. बदलायचं काम मात्र त्या दुकानातल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो. त्याच दुकानात हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी, नळी मिळते. भांड्यांच्या जाळीच्या काड्यांवरचं प्लास्टिक सोलून गंज दिसायला लागला की गंज घासून, वाळवून, ती नळी चढवून गरम करायची. गंजाची खपली पंपात गेली की सील खाते, म्हणून हे दिसायला किरकोळ काम लांबणीवर टाकू नये.

महिनाभर मुलाकडे जायचं असेल तर जाळी धुऊन वाळवा, नळ बंद करा, प्लग काढा, दाराच्या फटीत घडी केलेला नॅपकिन घालून दार किंचित उघडं ठेवा. परत आल्यावर पहिलं धुणं रिकामं.

यंत्र कधी सोडून द्यायचं, याबद्दल माझं मत ठरलेलं आहे. नळ्या, रबरं, पंप, जाळ्या, दाराच्या स्प्रिंगांच्या दोऱ्या, एवढ्यापर्यंत खर्च करत राहावं. आतली स्टीलची पेटी गंजून आरपार गेली, किंवा मुख्य सर्किट बोर्ड गेला आणि त्याची किंमत नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल, तर थांबावं. भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन्ही पंखे, जाळी, पाणी टाकणारा पंप, मिठाचं झाकण आणि भांड्यांच्या जाळीची चाकं काढून पिशवीत भरा, वर मॉडेल नंबर लिहा. त्याच जातीचं यंत्र गावात आणखी कुणाकडे तरी असतंच, आणि त्याच्या मिठाच्या झाकणाचं रबर केव्हाच गेलेलं असतं.